ग्राउंड लूप : गिरकी घेतली की गिरकी खाल्ली?

पृच्छा
टायगर मॉथ या 1931 साली पहिल्यांदा उडालेल्या दुपंखी विमानावर लेख लिहितो आहे. आडव्या वाऱ्यात चाकं टेकल्यावर हे विमान कधीकधी वैमानिकाला न जुमानता जागच्या जागी गर्रकन फिरतं. याला 'ग्राउंड लूप' म्हणतात. बातम्यांत सरसकट 'धावपट्टीवरून घसरले' असं छापतात, ते पटत नाही. एकाने 'भूवलय' सुचवला, दुसऱ्याने 'जमिनीवरची कोलांटी'. काय लिहावं?

उत्तर
कोलांटी नक्कीच नको. हवेतला लूप उभा असतो, त्याला कोलांटी शोभते. हा फेरा आडवा, जमिनीलगतचा. विमान नाकावर उलथलं तरच कोलांटी म्हणा. 'भूवलय' वाचून मला भूगोलाचा तास आठवतो.

'घसरणे' चुकतं, कारण घसरायला आधी पकड सुटावी लागते. इथे धावपट्टी कोरडी ठणठणीत असली तरी हे घडतं. दोष ठेवणीतला आहे. या विमानांची मुख्य चाकं पुढे आणि वजनाचा मध्य त्यांच्या मागे. मॉलमधली ट्रॉली उलटी ढकलून बघा, न वळणारी चाकं पुढे येतील अशी. जरा तिरकी झाली की मागचा भार पुढे यायला बघतो आणि ट्रॉली फिरते. त्यात आडवा वारा शेपटीच्या उभ्या पंखाला ढकलतो, नाक वाऱ्याकडे वळतं. वेग उतरला की शेपटीच्या, पायाने फिरवायच्या सुकाणूवरून वाहणारी हवा कमी होते. पाय पूर्ण दाबला तरी उपयोग नाही. बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पायच मोडतो.

म्हणून शब्द 'गिरकी'. पण खरी गोम क्रियापदात आहे. नर्तकी गिरकी घेते, पतंग गिरकी खातो. 'घेणे' आपल्या मनाने, 'खाणे' अंगावर आलेलं: गोते, गटांगळ्या, हेलकावे, आपटी, टक्केटोणपे. केवढी नेमकी भाषा आहे आपली! तेव्हा 'विमानाने गिरकी खाल्ली'.

आणखी एक उत्तर
गिरकी खाल्ली, मान्य. दोन गोष्टी जोडतो. पहिली, टायगर मॉथ हे वैमानिकांना शिकवायचं विमान, पण कृपा करून त्याला 'प्रशिक्षणार्थी विमान' लिहू नका. शिकतो तो प्रशिक्षणार्थी, विमान नव्हे. वर्तमानपत्रांनी हा शब्द इतका रुळवला आहे की कोणाला खटकतही नाही. 'प्रशिक्षण विमान' किंवा 'शिकाऊ वैमानिकांचं विमान' म्हणा. हिंदुस्थान एअरक्राफ्टचं एचटी-2 हे असंच शेपटीकडे चाक असलेलं प्रशिक्षण विमान, 1951 साली उडालेलं. त्याचे रचनाकार डॉ. वि. मा. घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांच्या विमानाबद्दल तरी मराठीत धड लिहिलं जावं, असं मनापासून वाटतं.

दुसरी, 'उतरणे' आणि 'टेकणे' वेगळे ठेवा. चाकं टेकली म्हणजे विमान उतरलं असं नाही. मूळच्या टायगर मॉथला चाकांचे ब्रेक नव्हते, शेपटीखाली चाकाऐवजी घासत जाणारा दांडा होता. गवताच्या मोकळ्या मैदानावर वाऱ्याला तोंड करून उतरायचं, असा तो काळ. पुढे दिशा ठरलेल्या पक्क्या धावपट्ट्या आल्या आणि आडवा वारा टाळता येईना. हे विमान पूर्ण थांबेपर्यंत उतरतच असतं.

पृच्छक
'टेकणे'चा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. 'नियंत्रण सुटले' ऐवजी 'ताबा सुटला' कसं वाटतं?

उत्तर
ताबाच. गाडीचा सुटतो तसा विमानाचाही. फक्त 'वैमानिकाचा' हा शब्द वाक्यात आणायच्या आधी चौकशीचा निष्कर्ष वाचा, नाहीतर वाऱ्याचा दोषही माणसाच्या माथी जातो.

पृच्छक
मग असं लिहितो: 'चाकं टेकली, वेग उतरत आला, आणि डावीकडून आलेल्या झोताने शेपटी ढकलली. ताबा सुटला. विमानाने डावीकडे गिरकी खाल्ली आणि उजवा पंख गवतात रुतला.'