'मेंटॉर'ला मराठीत काय म्हणायचं?

पर्वती पायथ्याच्या आमच्या अभ्यासिकेत दहावीच्या मुलांसाठी एक फॉर्म मराठीत करतेय. एक रकाना अडलाय: मुलाने स्वतः निवडलेला, विश्वासातला मोठा माणूस. मी 'मार्गदर्शक' लिहून मोकळी झाले, तर एका पोराने तिथे 'अपेक्षित' लिहिलं! त्याचं काय चुकलं म्हणा, त्याच्या दप्तरात मार्गदर्शक म्हणजे गाईडच. मग तोंडी विचारलं, "घरी वाजलं की आधी कुणाकडे जातोस?" पटकन म्हणाला, "गॅरेजवाल्या दादाकडे."

या दादाला शब्द हवाय. 'गुरू' जड होतो. 'पालक' नकोच, हॉस्टेलच्या फॉर्मवरचा 'स्थानिक पालक' आईवडील ठरवतात आणि बरेचदा तो सहीपुरता असतो.

प्रतिसाद १
मेंटॉर हे मुळात विशेषनाम. होमरच्या महाकाव्यात ओडिसियस युद्धाला जाताना घरदार ज्याच्यावर सोपवतो, तो मेंटॉर. त्याचंच रूप घेऊन अथेना देवी ओडिसियसच्या मुलाला, टेलेमाकसला, सल्ला देते. फेनेलॉनच्या १६९९ सालच्या फ्रेंच कादंबरीनंतर ते सामान्यनाम म्हणून रुळलं. म्हणजे मूळचा मेंटॉर बापाने नेमलेला. तुमचा दादा इंग्रजी शब्दातही नीट बसत नाही.

प्रतिसाद २
नेदरलँड्समध्ये घरात पेच असलेल्या मुलांनाच विचारतात, तुझा भरवसा कुणावर? काका, शेजारीण, मित्राची आई, कुणीही चालतं. त्या माणसाला 'जिम' म्हणतात; 'तू आणलेला मेंटॉर' अशा अर्थाच्या डच शब्दांची ती आद्याक्षरं. आपल्याकडे 'हा माझा जिम' म्हटलं तर लोक आधी दंड बघतील. त्यापेक्षा तालमीतला 'वस्ताद' काय वाईट?

प्रतिसाद ३
"मोठा वस्ताद आहे तो!" हे ऐकून कुठली आई पोराला तिकडे पाठवेल?

प्रतिसाद ४
'वडीलधारे' सुचवणार होतो, पण गांधी-गोखले आठवले. १८९६ साली गांधी पुण्यात आले, टिळक आणि भांडारकरांना भेटले, गोखल्यांना फर्ग्युसनच्या आवारात. गांधी २७ वर्षांचे, गोखले ३०. कसले वडीलधारे! तरी राजकीय गुरू मानलं ते गोखल्यांनाच.

धागाकर्ती
तुमच्या 'मानलं'पाशी अडकले. आपल्याकडे निवड नामात नसतेच, क्रियापदात असते. गुरू 'करतात'. अवधूताने चोवीस केले, त्यात अजगर आणि कबूतरही. त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. भाऊ 'मानतात', पण मानलेल्या भावाला राखीसाठी मनगट पुढे करावं लागतं. मला हवंय ते हे दुसरं, दोन्हीकडून होकार असलेलं. मेंटॉर मात्र आपण 'नेमतो' नि 'मिळवून देतो'.

म्हणून 'तू कुणाला मानतोस?' असं लिहून पाहिलं. निम्म्या मुलांनी शिवाजी महाराज लिहिले, बाकीच्यांनी क्रिकेटवाले.

प्रतिसाद ५
'हक्काचं माणूस' म्हणा की. रात्री अकराला दार वाजवलं तरी 'काय रे, जेवलास का?' विचारणारं. शिवाय नपुंसकलिंगी, म्हणजे दादा-ताई दोन्ही बसतात.

धागाकर्ती
तेच छापलं. काल तो पोरगा दादाला कागद दाखवायला घेऊन गेला. दादा म्हणे, "सही कुठं करायची? थांब, हाताला ऑईल आहे."