मदत हवी आहे: गेम बरा आहे पण त्यात दोष आहेत, ठेवू की परत करू? ५० मिनिटंच उरलीत

चौथा_गियर
स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) सेलमध्ये घेतला. १ तास १० मिनिटं खेळून झालाय. गेम वाईट अजिबात नाही. मारामारी जबरदस्त, राक्षसाच्या अंगावर चढून डोळ्यात वार करता येतो, पॉन (सोबत फिरणारे साथीदार) फार बोलतात पण कामाचे आहेत. पण चालता चालता मध्येच अडखळतो, प्रवास संपता संपत नाही आणि सेव्ह एकच. २ तास झाले की रिफंड बंद. ठेवू की परत करू ते सांगा. सेटिंग सगळ्या लो करून झाल्यात, ते सुचवू नका. लॅपटॉप चांगला आहे.

दगडफूल
गेमचं नाव?

नीरक्षीर
पॉन म्हणजे ड्रॅगन्स डॉग्मा २ असणार. धागाकर्ते, प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्डची मेमरी किती? आणि अडखळतो म्हणजे नेमकं काय होतं? दर काही सेकंदांनी एक गचका बसतो की फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) कायमच खाली आहे? दोन्हींची कारणं वेगळी, त्यामुळे उत्तरही वेगळं.
घड्याळाबद्दल एक: स्टीम गेम चालू असल्याचा वेळ मोजतं. पहिल्या वेळी शेडर (कार्डासाठीच्या चित्र काढायच्या सूचना) तयार होत असताना थांबलात, चेहरा बनवण्यात अर्धा तास घालवलात, मेनू उघडा ठेवून जेवायला गेलात, सगळं त्या २ तासांत धरलं जातं. आत्ता गेम बंद करा आणि मग लिहा.

चौथा_गियर
हो, ड्रॅगन्स डॉग्मा २. वर लिहिलं असं वाटलं. गेम बंद केलाय. आय५-११४००एच, आरटीएक्स ३०६०. फ्रेम ४५ ते ५५ असतात, मग अचानक अर्धा सेकंद सगळं थांबतं. पण मला हार्डवेअरचं नाही विचारायचं. गेम म्हणून कसा आहे?

गंजका_खिळा
गेम म्हणून साधारण आहे आणि पुढे आणखी साधारण होतो. पहिल्या २ तासांत जे शत्रू दिसले, गॉब्लिन, लांडगे, हार्पी, पालीसारखे सॉरियन, तेच रंग आणि ताकद बदलून ४० तास येत राहतात. सायक्लॉप्स, ऑगर, ग्रिफिन पहिल्यांदा भेटतात तेव्हा अंगावर काटा येतो. तोच ऑगर सहाव्यांदा त्याच वळणावर भेटला की नुसता वेळ जातो. कथा अर्ध्यात हात सोडते. परत करा.

मोरपीस
खिळेसाहेब, शत्रू कमी आहेत हे मान्य. पण १ तास १० मिनिटांत माणूस फार तर मेल्वे गावापर्यंत पोचतो. तोवर हातात फायटर, आर्चर, मेज (जादूगार), थीफ ही ४ व्होकेशन, म्हणजे लढवय्यांचे प्रकार. एकूण १० आहेत. वॉरियर आणि सॉर्सरर राजधानीत, व्हर्नवर्थला गेल्यावर एका कामगिरीतून मिळतात, मिस्टिक स्पिअरहँड आणि मॅजिक आर्चर त्याहून पुढे. शत्रू तोच असला तरी थीफने त्याच्या मानेवर चढून केलेली लढाई आणि सॉर्सररने लांबून मंत्र पुरा होईस्तोवर जीव मुठीत धरून केलेली लढाई एकच नव्हे. या गेमची खरी विविधता शत्रूंत नाही, तुमच्या हातातल्या हत्यारात आहे. एकाच व्होकेशनने शेवटपर्यंत खेळणाऱ्याला तो नक्की कंटाळवाणा वाटेल.

गंजका_खिळा
म्हणजे दोष झाकायचं काम खेळणाऱ्याने करायचं.

मोरपीस
नाही. दोष आहेच. तो कोणाला बोचेल आणि कोणाला नाही, एवढंच सांगतेय.

जुनं_लोणचं
दुसऱ्या भागाच्या नादी लागूच नका. पहिला भाग घ्या, डार्क अरायझन. पीसीवर २०१६ मध्ये आला. कुठल्याही लॅपटॉपवर पळतो, सेलमध्ये मातीमोल भावात मिळतो. न संपणारा फेरीस्टोन (ठरलेल्या जागी क्षणात पोचवणारा दगड) सुरुवातीलाच मिळतो, त्यामुळे प्रवासाची तक्रारच मिटली. बिटरब्लॅक आयल हे त्यातलं बेट दुसऱ्या भागातल्या कुठल्याही गुहेपेक्षा सरस आहे.

नीरक्षीर
पहिला भाग चांगला आहे, पण धागाकर्त्यांना दुसऱ्या भागाचा निर्णय ५० मिनिटांत करायचाय. रॅम अजून सांगितली नाही.

सांजवात
मुद्दा असा की खोटी ३ जातीच्या असतात आणि धागाकर्त्यांनी तिन्ही एकाच वाक्यात टाकल्या आहेत.
अडखळणं तांत्रिक आहे. ते मशीनमुळे असेल तर तुमच्या हातात, गेममुळे असेल तर अपडेटच्या हातात.
लांब प्रवास आणि एकच सेव्ह हे जाणूनबुजून केलेलं आहे. दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांनी २०१२ च्या पहिल्या भागातही हेच केलं होतं. फेरीस्टोन महाग, पोर्टक्रिस्टल (तो दगड जिथे पोचवतो त्या जागा) मोजके, म्हणून निघण्याआधी विचार करावा लागतो: किती औषधं, तंबूचं ओझं किती, अंधार पडायच्या आत पोचू का. लढाईत खाल्लेल्या माराने कमाल आरोग्यच घटत जातं आणि ते सरायीत किंवा तंबूत झोपून भरतं, हेही त्याच हिशेबातलं. हा हिशेब करायला आवडत असेल तर प्रवास हाच खेळ आहे. नसेल तर कोणताही पॅच तुमच्या कामाचा नाही.
तिसरी जात पातळपणाची: कथा, शत्रूंची संख्या. ही २ तासांत दिसत नाही आणि नंतर दुरुस्तही होत नाही. तिच्यासाठी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. इथे खिळेसाहेबांचं म्हणणं बरोबर आहे.

दगडफूल
दुसऱ्या जातीत थोडी भर. नंतरच्या अपडेटमध्ये कॅज्युअल मोड आलाय. त्यात सराय आणि फेरीस्टोन स्वस्त होतात, आरोग्य घटण्याचा जाच कमी होतो. म्हणजे 'कोणताही पॅच कामाचा नाही' हे पुरतं खरं नाही.
सेव्हबद्दल: फाइल एकच असली तरी त्यात २ टप्पे असतात. एक चालू सेव्ह, दुसरा शेवटच्या सरायीतला. अडकलात तर सरायीतला उघडता येतो, पण मधले सगळे तास जातात. म्हणून प्रत्येक गावात पोचल्यावर आधी सराय. मात्र सोबतच्या पॉनचे डोळे लाल चमकताना दिसले, तो आज्ञा मोडायला लागला, की सरायीत झोपू नका. तो ड्रॅगन्सप्लेग, पॉनना होणारा रोग. आधी त्याला निरोप द्या किंवा खोल पाण्यात टाका. दुर्लक्ष करून झोपलात तर सकाळी गावात माणसं उरत नाहीत. त्याचं प्रमाणही मूळ आवृत्तीच्या मानाने कमी केलंय.

फडताळ
सेव्ह पुसून नव्याने सुरू करायचं असेल तर मुख्य मेनूतच पर्याय आहे. मार्च २०२४ मध्ये गेम आला तेव्हा नव्हता, काही दिवसांत दिला. आता फाइल हाताने उडवायची गरज नाही.

चौथा_गियर
नव्याने सुरू करायचं नाहीये मला. रॅम ८ जीबी. त्याने काय फरक पडतो? कार्ड चांगलं आहे ना.

नीरक्षीर
इथेच घोडं अडलंय. या गेमची किमान गरजच १६ जीबी आहे. ८ जीबी असली की विंडोज आणि गेम मिळून ती भरते, उरलेला भाग डिस्कवर जातो, आणि नवा भाग लोड होताना डिस्कवरून परत आणेपर्यंत चित्र थांबतं. तुमचा अर्धा सेकंद तो हा. सेटिंग लो करून हे जात नाही, कारण अडचण कार्डाची नाहीच. शिवाय ८ ची एकच पट्टी असेल तर मेमरी एकाच चॅनलवर चालते, त्याचा भार प्रोसेसरवर पडतो. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी इथे 'स्लॉट २ पैकी १' दिसतंय का बघा.
गेम अडखळतो म्हणून त्याला नापास करण्याआधी हे वेगळं काढायलाच हवं.

गंजका_खिळा
म्हणजे आता गेमची काहीच चूक नाही? १६ जीबी आणि चांगला डेस्कटॉप असणाऱ्यांच्या फ्रेमसुद्धा व्हर्नवर्थमध्ये कोसळत होत्या. प्रत्येक माणसाच्या हालचालीचं आणि अस्तित्वाचं गणित प्रोसेसर करत असतो, हे गेम बनवणाऱ्या कॅपकॉमनेच सांगितलं होतं. कन्सोलवरही ६० मिळाल्या नाहीत, शेवटी ३० ला बांधून घ्यायचा पर्याय द्यावा लागला. त्यात पहिल्या दिवशी पोर्टक्रिस्टल आणि चेहरा बदलायची वस्तू दुकानात खऱ्या पैशाला. स्टीमवर लोकांनी धुतला ते उगीच नाही.

मोरपीस
त्या सगळ्या वस्तू खेळताना मिळतात. विकत घ्यायची गरज कोणालाही पडत नाही.

गंजका_खिळा
गरज नसताना विकायला ठेवणं हाच तर राग आहे.

सांजवात
राग रास्त आहे, पण त्यावरून ठेवायचं की परत करायचं हे ठरत नाही. त्याच गेमला समीक्षकांची सरासरी ८५ च्या वर आणि खरेदीदारांचा शेरा पहिल्या दिवशी 'बहुतांशी नकारात्मक'. समीक्षकांनी ढाचा मोजला, लोकांनी वागणूक आणि वेग मोजला. दोन्ही मिसळून १० पैकी ७ म्हटलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

फडताळ
गुणांचाच विषय निघाला म्हणून: पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी हा गेम बघा, २०२० चा. चित्रं, संगीत, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा अप्रतिम, मारामारी ओबडधोबड, शेवट एकदम तुटल्यासारखा. आपला म्हणून कोणी ९ दिले, कोणी ५. ५–६ तासांत संपतो म्हणून त्याच्या खोटी सहन होतात. हाच साचा ४० तासांचा असता तर झाल्या नसत्या. खोट किती मोठी हे गेमच्या लांबीवरही ठरतं.

दगडफूल
बरोबर. आणि खोट कधी येते यावरही. डेज गॉन सुरुवातीला इतका संथ की २ तासांत कोणीही परत करेल, झुंडींची खरी मजा फार उशिरा. मॅड मॅक्स उलटा: गाडी, वाळू, धूळ, पहिले २ तास झकास, मग प्रत्येक छावणीत तीच कामं. ड्रॅगन्स डॉग्मा २ मधोमध आहे. व्हर्नवर्थपासून १५–२० तास चढत जातो, मग शत्रूंचा तोचतोचपणा जाणवतो.

चौथा_गियर
राजी, डेज गॉन कशाला? मी काय करू ते सांगा. स्लॉट २ पैकी १ आहे.

नीरक्षीर
५० मिनिटं आहेत, त्यातली ३५ वापरा, १५ शिल्लक ठेवा.
गेम सुरू करण्याआधी ब्राउझर, डिस्कॉर्ड, सगळं बंद. लॅपटॉप चार्जरला लावलेला, कूलिंग परफॉर्मन्स मोडवर. आरटीएसएस (पडद्यावर आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून फ्रेमटाइमचा, म्हणजे एका फ्रेमला लागलेल्या वेळाचा, आलेख, प्रोसेसर, कार्ड आणि रॅम पडद्यावर आणा. ६० फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद, ३० म्हणजे ३३.३. सरासरी आकडा बघू नका, आलेखातली उंच सुई बघा.
मग मेल्वेहून थेट व्हर्नवर्थ गाठा. सैनिकांच्या कप्तानाशी बोललं की बैलगाडी मिळते, गाडीत बसल्यावर डुलकी घ्यायचा पर्याय निवडा. वाटेत हल्ला झाला तर आधी बैल आणि गाडी वाचवा. गाडी मोडली तर उरलेली वाट पायी, आणि तुमची मिनिटं गेली.
शहरात बाजाराच्या गर्दीत उभे राहा आणि आकडे लिहून घ्या. नंतर रिझोल्यूशन एक पायरी खाली. फ्रेम वाढल्या तर कार्ड अपुरं. तेवढ्याच राहिल्या आणि कार्ड ६०–७० टक्क्यांवरच असेल तर प्रोसेसर किंवा मेमरी. रे ट्रेसिंग बंद आहे ना तेही बघा, त्याचा भार दोघांवर पडतो.
शहर ही या गेमची सर्वांत वाईट जागा, आणि बहुतेकांचे २ तास ती यायच्या आत संपतात. तिथे जे दिसेल ते तुम्हाला चालत असेल तर बाकी जगात चालेलच.

मोरपीस
आणि तेवढ्या वेळात हेही बघा: वाटेत फुटलेला रस्ता, झाडीतला उजेड, लांबून आलेली आरोळी दिसली की तिकडे वळावंसं वाटतं का? वाटत असेल तर हा गेम तुमचा. नकाशावरच्या खुणेकडे सरळ पळावंसं वाटत असेल तर नाही.

जुनं_लोणचं
दोन्ही वाटत असेल तर पहिला भाग.

चौथा_गियर
केलं. व्हर्नवर्थ बाजार: फ्रेम २८ ते ३४, कार्ड ५५ टक्के, रॅम ९६ टक्के. रिझोल्यूशन कमी करून तेवढ्याच. बाहेर येताना गचके तसेच. १ तास ४३ मिनिटं झाली. आणि हो, वाट सोडून दोनदा गुहेत गेलो.

नीरक्षीर
मग चित्र स्वच्छ आहे. बाहेरचे गचके रॅमचे, ८ जीबीची दुसरी पट्टी टाकली की बव्हंशी जातील. लॅपटॉपला डीडीआर४ ३२०० सोडिम (लॅपटॉपच्या मापाची रॅम पट्टी) लागते, पहिल्या पट्टीवरचा आकडा जुळवून घ्या. शहरातली घसरण काही अंशी राहणारच, ती गेमची. तिथे ३० ला बांधून खेळलात तर निदान एकसारखं वाटेल. २८ ते ४५ मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा स्थिर ३० बरं.

गंजका_खिळा
म्हणजे आत्ता परत करायचा. रॅम नसताना ठेवून काय उपयोग?

मोरपीस
पट्टी आठवड्यात येणार असेल आणि सेल संपत असेल तर ठेवणं स्वस्त पडेल. पट्टीचं नक्की नसेल तर परत करा.

सांजवात
परत केला तर पुन्हा घेता येतो, त्याला बंदी नाही. सेल वारंवार येतात. अर्ज खरेदीपासून १४ दिवसांच्या आत हवा, दोन्ही अटी पाळाव्या लागतात. पैसे मूळ मार्गाने न जाऊ शकल्यास स्टीम वॉलेटमध्ये येतात.

चौथा_गियर
पट्टी पुढच्या महिन्यात घेणार. परत करतो मग. माझं पात्र आणि सेव्ह जाईल का?

फडताळ
स्टीमच्या फोल्डरमध्ये युझरडेटा, त्यात तुमचा क्रमांक, त्यात २०५४९७० नावाचं फोल्डर. गेम काढून टाकायच्या आधी ते जसंच्या तसं दुसरीकडे कॉपी करा. पुन्हा घ्याल तेव्हा एकदा गेम सुरू करून बंद करा, मग त्याच जागी ठेवा. आणि चेहरा नव्याने करायचाच झाला तर कॅरेक्टर क्रिएटर वेगळा फुकट मिळतो, तो वापरा. त्यात गेलेला वेळ मुख्य गेमच्या २ तासांत धरत नाहीत.

चौथा_गियर
कॉपी झाली. अर्ज टाकला. १ तास ४३ वरच थांबलोय.