निर्वासित कुटुंबाची हमी पाच शेजाऱ्यांनी घेतली, तर सरकारचा अधिकार कुठे राहतो?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)
माझा मामेभाऊ टोरांटोजवळ राहतो. त्याने चार शेजाऱ्यांसह एका निर्वासित कुटुंबाची वर्षभराची हमी घेतली आहे. घरभाडे, किराणा, मुलांचा शाळाप्रवेश, दवाखाना, सगळे त्यांनीच पाहायचे. हे ऐकून वडील म्हणाले, "परक्याला देशात घ्यायचे की नाही हे सरकार ठरवणार की गल्लीतले पाच जण?" मला उत्तर देता आले नाही. अशा हमीने राज्याचे सार्वभौमत्व उणावते का? आणि आपल्याकडे हे शक्य आहे का?

उत्तर (वकील, बेळगाव)
वडिलांची शंका रास्त आहे. पण तिथेही दार सरकारच उघडते. कॅनडाच्या 1976 च्या कायद्याने नागरिकांना हमीची वाट मोकळी करून दिली आणि 1979-80 मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया व लाओसमधून आलेल्या सुमारे 60,000 लोकांपैकी निम्म्याहून अधिकांचा भार खासगी गटांनी उचलला. तरीही पाच जणांच्या गटाने फक्त नाव सुचवायचे आणि खर्च उचलायचा. सुरक्षेची व वैद्यकीय तपासणी आणि व्हिसा या गोष्टी सरकारच्याच हाती राहतात. नोव्हेंबर 2024 मध्ये सरकारने अशा गटांचे नवे अर्ज घेणे थांबवले, तेव्हा पैसे जमवून बसलेल्यांनाही थांबावेच लागले.

मला खटकते ते निराळेच. जिवाला धोका असलेल्या माणसाला त्याच धोक्यात परत न धाडणे हे राज्याचे कर्तव्य आहे, ते कोणाच्या वर्गणीवर अवलंबून असता कामा नये. भारताने निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्या कायद्यात निर्वासित अशी स्वतंत्र कोटीही नाही. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात (1996) सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम 21 चे, म्हणजे जीविताच्या हक्काचे, संरक्षण परकीयांनाही लागू केले. पण 2021 मध्ये रोहिंग्यांची पाठवणी थांबवण्यास नकार देताना, ठरलेली कार्यपद्धती पाळा, एवढेच सांगितले. थोडक्यात, आपल्याकडे पाच शेजारी तयार झाले तरी त्यांनी भरायचा अर्जच अस्तित्वात नाही.

उत्तर (निवृत्त शिक्षक, निपाणी)
वळिवडे विसरू नका. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या या छावणीत सुमारे 5,000 पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुले, राहत होते. खर्च लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारचा, भूमी कोल्हापूर संस्थानाची आणि परवानगी इंग्रजांची! पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले, जिथे आपल्याकडचे कापड दुकानदार आजही घाऊक खरेदीला जातात. आश्रय देणारा आणि पैसा देणारा एकच असावा लागतो, असे नाही.

उत्तर (खानापूर)
सर, वळिवडे पटले. पण मुंडगोडही पाहा. 1966 पासूनची ती तिबेटी वसाहत सरकारने दिलेल्या जमिनीवर उभी राहिली, नागरिकांच्या हमीवर नव्हे. थंडीत बेळगावात स्वेटर विकायला बसणाऱ्या एका तिबेटी मावशींनी एकदा मला आपले नोंदणीपत्र दाखवले होते. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर आणखी एक पिशवी, मग रबरबँड. त्या कागदाची मुदत वाढवून घेणे हेच त्यांचे खरे काम, स्वेटर नंतर. आम्ही भाव पाडून स्वेटर घेतले, हमीचा विचार कोणी केला नाही. शिवाय नागरिकांनी निवड करायची म्हटली की ज्यांचे नातेवाईक आधीच तिथे आहेत, त्यांचीच नावे पुढे जातात. ज्याचे कोणीच नाही तो छावणीतच राहतो. (सीमाभागातल्या आपण मंडळींनी 1956 साली रेष सरकताना पाहिली, पण घर तेच राहिले, निर्वासिताचे दुःख आपल्या दुःखाच्या मापाने मोजू नये.)

प्रश्नकर्ता
वडिलांना सारे वाचून दाखवले. आता ते विचारतात, "वर्ष संपल्यावर त्या कुटुंबाला कोण पोसणार?"

वकील, बेळगाव
ते कुटुंब पहिल्या दिवसापासून कायमचे रहिवासी म्हणूनच तिथे उतरते. वर्षानंतर कमाई पुरली नाही, तर इतर रहिवाशांप्रमाणे तेही सरकारी मदतीसाठी अर्ज करू शकते.