डीएचं (डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, म्हणजे मुख्य सरकारी वकील) काम चांगलं की वाईट, हे नेमकं कशावरून ठरवायचं? (सॅन फ्रान्सिस्को, ऑक्टोबर २०२४)

सनसेटची_सून:
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी सिटिझन झाले, त्यामुळे येत्या ५ नोव्हेंबरचं हे माझं पहिलंच मतदान. मतपत्रिका पोस्टाने घरी आलीय आणि चार दिवस जेवणाच्या टेबलावर तशीच पडून आहे. अध्यक्ष, महापौर इथपर्यंत ठीक. पण डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी? सरकारी वकील लोकांनी निवडून द्यायचा असतो, हेच पचायला मला वेळ लागला.

प्रश्न अगदीच पुस्तकी नाहीये. २०२२ पर्यंत आम्ही हाइड स्ट्रीटला राहायचो, सिव्हिक सेंटर स्टेशनपासून पाच मिनिटांवर. आई सांगलीहून आली होती. तिसऱ्या दिवशी खिडकीत चहा घेऊन उभी होती, म्हणाली, "अगं, ही माणसं कमरेत वाकून काय शोधतायत? काही पडलंय का त्यांचं?" फेंटानिल या ड्रगच्या अमलात माणूस उभ्याउभ्या असा दुमडतो आणि तसाच राहतो, हे तिला कसं सांगायचं ते सुचेना. "हो, काहीतरी पडलंय" म्हणाले झालं.

आता एका बाजूचं पत्रक म्हणतं, सध्याची डीए ब्रुक जेन्किन्सने ड्रग विक्रेत्यांना वठणीवर आणलं. दुसरी बाजू म्हणते, तिच्याच काळात, २०२३ मध्ये, ओव्हरडोसचे मृत्यू ८०० च्या वर गेले. आकडे दोघांकडेही आहेत. कुठला बघायचा?

बिनकामाचा_बंडू:
एवढा काय विचार करायचा? जुन्या गल्लीत एक चक्कर मारून ये. वाकलेली माणसं कमी दिसली तर हो, नाहीतर नाही.

जुना_दादरकर:
बंडोपंत, ती माणसं तिथून हलवून दोन चौक पलीकडे नेली की गल्ली स्वच्छ दिसतेच. ते काम पोलिसांचं, डीएचं नव्हे.

सूनबाई, चौतीस वर्षं या गावात काढली, म्हणून जरा लांबण लावतो. कमला हॅरिस २००४ ते २०११ इथेच डीए होत्या. पहिल्यांदा सापडलेल्या किरकोळ विक्रेत्यांसाठी त्यांनी 'बॅक ऑन ट्रॅक' काढलं: गुन्हा कबूल करायचा, शिकायचं, नोकरी धरायची, नीट वागलात तर केस रद्द. म्हणजे "सगळ्यांना आत टाका" असं तेव्हाही नव्हतं.

चेसा बूदीन २०१९ मध्ये डीए म्हणून निवडून आला, जानेवारी २०२० मध्ये खुर्चीवर बसला आणि दोन महिन्यांत लॉकडाऊन. कोर्टं जवळजवळ ठप्प. तरी लोकांचा राग साचत गेला आणि जून २०२२ मध्ये रिकॉल करून, म्हणजे मुदतीआधीच मतदान घेऊन, सुमारे ५५ टक्के मतांनी त्याला घरी बसवलं. त्या वेळी एक आकडा ज्याच्या त्याच्या तोंडी होता: २०२१ च्या अख्ख्या वर्षात 'विक्रीसाठी माल बाळगला' या कलमाखाली फक्त ३ जण दोषी, आणि फेंटानिलसाठी एकही नाही. तो वाचून मीसुद्धा तावातावाने रिकॉलला मत दिलं.

नंतर कळलं ते असं, की केसेस सोडून दिल्या नव्हत्या. कितीतरी जणांनी भलत्याच कलमाखाली गुन्हा कबूल केला होता: गुन्हा घडल्यावर गुन्हेगाराला मदत केली, म्हणून. कारण विक्रेत्यांत परदेशी पोरं बरीच, आणि ड्रग विक्रीचा शिक्का बसला की हद्दपारी जवळपास ठरलेली. या दुसऱ्या कलमाने ती टळू शकते. मला हे आजही पटत नाही. ज्याच्या स्वतःच्या खिशात पुड्या सापडल्या तो मदतनीस कुणाचा? पण "३" या आकड्यावरून मला वाटलं होतं की ऑफिसात माशा मारत बसलेत, तेही खरं नव्हतं.

जेन्किन्स आधी बूदीनच्याच ऑफिसात होती, राजीनामा देऊन रिकॉलवाल्यांत गेली. डीए झाल्यावर तिने ड्रगच्या केसमधल्या तीसहून जास्त तडजोडीच्या ऑफर (गुन्हा कबूल केलास तर शिक्षा कमी) मागे घेतल्या आणि ५ ग्रॅमच्या वर माल सापडला तर केस कम्युनिटी कोर्टात (तिथे शिक्षेपेक्षा उपचार-मदतीवर भर) पाठवायची नाही असं ठरवलं. (या निवडणुकीत तिच्याविरुद्ध उभा असलेला रायन खोजस्ते हा बूदीनचा माणूस, त्याला ऑफिसातून हिनेच काढलं होतं. भाऊबंदकीच म्हणा.)

आता माझी गोष्ट. गेल्या वर्षी ज्युरी ड्यूटीचं पत्र आलं. ८५० ब्रायंट, म्हणजे इथलं फौजदारी कोर्ट; दुसऱ्या दिवसापासून रोजचे १५ डॉलर. आरोपी होंडुरासचा, आमच्या नातवापेक्षा चार वर्षांनी मोठा असेल. पोलिसाने वरच्या मजल्यावरून दुर्बिणीने सौदा पाहिलेला. लॅबच्या बाईंनी प्रत्येक पुडीचं वजन वाचून दाखवलं, पार दशांशापर्यंत. चण्याएवढ्या गाठी होत्या प्लास्टिकच्या. मला वाटलं, तासाभरात घरी. पण पब्लिक डिफेंडर (आरोपीला सरकारी खर्चाने मिळालेला वकील) म्हणाला, या मुलाला इथवर आणणाऱ्यांचं कर्ज आहे, गावाकडे आई-बहिणीला धमक्या आहेत, तो विकत नव्हता, त्याला विकायला लावत होते. बंद खोलीत आम्ही बारा जण अडीच दिवस बसलो. फळ्यावर तारखा मांडल्या, पुन्हा पुसल्या. नऊ विरुद्ध तीन. इथे बाराच्या बारा लागतात, म्हणून खटला निष्फळ. मी नवात होतो, पण तिसऱ्या दिवशी माझाही आवाज बसला होता.

या केसमध्ये डीएचं ऑफिस पास की नापास? कडक कलम लावलं, तडजोड केली नाही, खटला शेवटापर्यंत लढवला आणि हाती काही नाही. म्हणून सांगतो, 'दोषी किती' एवढंच बघू नकोस. पोलिसांनी किती केसेस आणल्या, त्यातल्या कितींवर आरोप ठेवले, आणि केस शेवटी कोणत्या कलमाखाली संपली, ते बघ. डीएच्या वेबसाइटवर यातलं बरंच सापडतं. मृत्यूंचा आकडा तिच्या किंवा त्याच्या पदरात घालू नकोस. २०२० मध्ये बूदीन असताना ७०० च्या वर होता, २०२३ मध्ये जेन्किन्स असताना ८०० च्या वर, यंदा, २०२४ मध्ये, उतरतोय.

फ्रीमाँटची_मावशी:
आमच्या अ‍ॅलमीडा काउंटीत तर याच मतपत्रिकेवर आमच्या डीए पामेला प्राइसचा रिकॉल आहे. जानेवारी २०२३ मध्ये आली, अजून दोन वर्षंही नाहीत. आमच्या भिशीत निम्म्या बायका "काढा तिला" म्हणतात, कारण आपल्या लोकांच्या घरी सोनं असतं हे चोरांना पक्कं ठाऊक आहे. माझ्या शेजारणीचं मंगळसूत्र आणि सासूच्या पाटल्या गेल्या. सगळ्या म्हणतात, ९५० डॉलरच्या खालच्या चोरीला काही होत नाही म्हणून चोर सोकावले. अहो, अशी चोरी किरकोळ गुन्हा धरायचा तो नियम २०१४ च्या प्रॉप ४७ चा, म्हणजे लोकांनीच मत देऊन केलेल्या कायद्याचा, तो कुठल्याच डीएला बदलता येत नाही, आणि घरफोडीला तो लागूच नाही. तो कडक करणाऱ्या प्रॉप ३६ वर याच मतपत्रिकेत मत द्या हवं तर. आमच्या गल्लीतला चोर आजतागायत सापडलेला नाही. प्राइसबाईंनी खटला भरायचा कुणावर?

काळा_कोट_नाशिक:
वाचून गंमत वाटली. आमच्याकडे सरकारी वकील सरकार नेमतं, त्याचा हिशोब मतदार मागत नाही. एनडीपीएसमध्ये, म्हणजे आमच्या अमली पदार्थांच्या कायद्यात, हेरॉइनची ५ ग्रॅमच्या आत 'अल्प मात्रा', २५० ग्रॅमच्या वर 'व्यापारी मात्रा'. तुमच्या ५ ग्रॅमवर नजर अडकली ती त्यामुळे. आमच्या केसेस पडतात त्या वेगळ्याच ठिकाणी: झडतीआधी कलम ५० ची समज (मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे, ही) नीट दिली नाही, मुद्देमालाचं सील जुळत नाही, पंच फितूर. दादरकरांना बारा जणांचं एकमत लागतं, आम्हाला दोन पंच टिकवता टिकवता नाकी नऊ येतात.

सनसेटची_सून:
काका, वेबसाइट उघडून बसलेय, आभार. तुमच्या खटल्यातल्या त्या मुलाचं पुढे काय झालं?

जुना_दादरकर:
पुन्हा खटला चालवायचा की नाही, ते डीएने ठरवायचं असतं. मी काही चौकशी केली नाही. ज्युरीचा चेक मात्र वेळेवर आला, शंभर डॉलरच्या आसपास होता.