पेपरमिंट : गोळी, झाड की खडे?

आजी अमृतधारा घरीच करायची. भीमसेनी कापूर, ओव्याचं फूल आणि पेपरमिंट बाटलीत घालून बूच घट्ट लावायची. तिन्ही कोरडे खडे, पण थोड्या वेळात त्यांचं पाणी व्हायचं. तिचं 'पेपरमिंट' म्हणजे काचेच्या काड्यांसारखे ते खडे. आमच्या तोंडी मात्र पेपरमिंट म्हणजे गोळी. आणि परवा रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीवरही 'पेपरमिंट' अशीच चिठ्ठी आहे. मूळ अर्थ कोणता? मराठीत सरळ पुदिना म्हणावं का?

– ताई, मूळ अर्थ झाडाचाच. पाणपुदिना आणि चटणीतला पुदिना यांचा हा संकर. त्याला बी सहसा धरत नाही, फुटवे लावूनच वाढवतात. शास्त्रीय नाव मेंथा पिपेरिटा, म्हणजे मिऱ्यासारखा झणझणीत. त्यातलं लॅटिन 'पायपर' मागे नेलं की आपल्या पिप्पलीपाशी, म्हणजे पिंपळीपाशी पोचतं. उलट 'पुदिना' आला फारसीतून! परका वाटणारा शब्द आतून आपला निघतो, याचं मला फार अप्रूप आहे.

पण पुदिना म्हणू नये असं माझं ठाम मत. चटणीच्या पुदिन्यात मेंथॉल जवळपास नसतंच. पेपरमिंटच्या तेलात ते साधारण 40 टक्के. ते जिभेवरच्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं, म्हणून तोंड खरोखर थंड न होताही गार वाटतं. याची पानं चटणीत वाटलीत तर टूथपेस्टची चव येईल. गोळीला, चहाला, चॉकलेटला हेच हवं.

– आजीचे खडे म्हणजे मेंथॉल. ते आता बहुतेक जपानी पुदिन्याच्या तेलातून काढतात. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे त्याची मोठी शेती आहे. म्हणजे बाजारातलं 'पेपरमिंट' बहुधा पेपरमिंटच्या झाडाचं नसतंच. त्याला 'पुदिन्याचं फूल'ही म्हणतात. इथे फूल म्हणजे सत्त्व, ओव्याच्या फुलात आहे तसंच. लिंगही बघा : गोळी असेल तर 'पेपरमिंट दिली', खडे असतील तर 'पेपरमिंट विरघळलं'.

– ताई, कुंडीतल्या पानाला देठ आहे का? चटणीच्या पुदिन्याचं पान खोडाला जवळजवळ चिकटून असतं.

– आत्ताच बघून आले. देठ आहे, खोड जांभळट आहे. पान चावून तोंडाने श्वास घेतला तर घशापर्यंत गार! चिठ्ठी राहू देते.