मदत हवी आहे : समर्थनगर-निराला बाजार भागात फ्लॅट बघतोय

नमस्कार मंडळी. आई-बाबांना लातूरहून संभाजीनगरला आणायचंय, म्हणून समर्थनगर, निराला बाजार, औरंगपुरा असा मध्यवस्तीतच फ्लॅट बघतोय. जुन्या बिल्डिंगांना लिफ्ट नाही. नव्यात एजंट सुपर बिल्टअपचा (जिना-लॉबीचा वाटा धरून) आकडा फेकतो, महारेरात (बिल्डरांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) कार्पेट, म्हणजे घरातली वापरायची जागाच धरतात म्हटलं की नुसता हसतो. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे टाकी केवढी अन् उन्हाळ्यात टँकर किती लागतात हे मी थेट वॉचमनलाच विचारतो. तोच खरं सांगतो.

अडलंय वेगळंच. आवडलेल्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी असल्याचा महापालिकेचा दाखला) नाही, "मिळून जाईल, टोकन द्या" म्हणतात. अशा फ्लॅटवर कुणाला बँकेनं कर्ज दिलंय का? आणि जुन्या सोसायटीचं कन्व्हेअन्स (जमीन-इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, हे कोणत्या कागदावरून बघायचं?