ब्रेकच्या कामाचे चौदा हजार, पावणेतीन हजार, की एक रविवार?

तिसरा_गिअर
परवा इथेच एक लेख आला होता. 'ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ. काम कायम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या, गल्लीतला मिस्त्री नको आणि स्वतः तर मुळीच नको' असा एकूण सूर. खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

माझी साधी पेट्रोल हॅचबॅक. ६२ हजार किमी, ब्रेक पुढे डिस्कचे (पॅड फिरत्या चकतीला दाबतात), मागे ड्रमचे (शू आतून ड्रमला दाबतात). ब्रेक दाबला की कुईं करायला लागली. सर्व्हिस सेंटरला नेली तर अर्ध्या तासात कागद हातात: पुढचे पॅड २,४००, दोन्ही डिस्क ५,६००, मागचे शू १,९००, ब्रेक ऑइल ६००, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सर्व्हिस ९००, मजुरी १,९००. कर धरून चौदा हजारांच्या घरात. डिस्क का बदलायची विचारलं, तर 'सर, सेफ्टी आहे.' शू किती झिजलेत विचारलं, तर ड्रम उघडलेच नव्हते!

डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. माझी नवी असताना २२ मिमी, किमान २०. व्हर्निअर लावला, २१.२ भरली. आणि कुईं आवाज म्हणजे पॅडची पट्टी डिस्कला घासून सांगत असते की आता बदल. एवढंच. चौकातल्या गॅरेजवाल्याने पॅड १,६५०, ऑइल ३५०, मजुरी ७०० सांगितली, म्हणजे २,७००. शेवटी मी नाना पेठेतून पॅड आणले आणि रविवारी घरीच बसवले. क्लीनरचा स्प्रे आणि ग्रीस धरून २,१२०. हत्यारं आधीचीच होती.

आता सांगा, चौदा हजारांत कुणाचा जीव वाचत होता?

जॉबकार्ड
मी अशाच एका सर्व्हिस सेंटरला सात वर्षं ॲडव्हायझर होतो, त्यामुळे शिव्या माझ्याच खात्यात जमा करा. पण रस्त्यावरच्या गॅरेजमधून आमच्याकडे काय काय यायचं तेही ऐका. चाकाचे नट गन लावून इतके आवळलेले की स्टड तुटून हातात. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना साधं पिवळं ग्रीस, रबर फुगून पिना जाम, एकच पॅड पत्र्यापर्यंत गेलेला. ब्रेक ऑइल उघड्या डब्यातलं. आमच्याकडे निदान काय केलं ते लिहिलेलं असतं. गाडी परत आली तर दारात उभं राहून भांडता येतं. चौकातला शटर ओढून गावाला गेला की कुणाशी भांडणार?

आणि तिसरा_गिअर, तुम्ही ब्रेक ऑइल बदललं का? हिशेबात दिसत नाही.

तिसरा_गिअर
नाही बदललं. रंग ठीक होता.

जॉबकार्ड
रंग ठीक होता! अहो, ते ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरं असताना २३० अंशांच्या आत उकळायला नको, ओलं झालं की तीच मर्यादा १५५ वर येते. रंगावरून ते कळत नाही. दोन वर्षांनी बदला असं कंपनी उगाच लिहीत नाही. ३५० रुपये वाचवले आणि वर आम्हाला जिवाचं विचारताय.

मिरकरवाडा
आमच्या रत्नागिरीत या तिन्ही हिशेबांचा उपयोग नाय. चार महिने पाऊस, बाकीचे खारा वारा. पॅड संपायच्या आधी पिना गंजतात. मी वर्षाला एकदा, गणपती झाले की, गॅरेजमध्ये समोर उभा राहून पिना काढून साफ करून घेतो. ५०० रुपये. सर्व्हिस सेंटरात काचेच्या पलीकडे बसवून चहा देतात, त्या काचेचेच पैसे लावत असतील.

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत डीलरने पुढचे पॅड-रोटर (डिस्कला इथे रोटर म्हणतात) ७०० डॉलर सांगितले. मी दोनशेत घरच्या गराजमध्ये केलं. मोठी हत्यारं पार्ट्सच्या दुकानातून अनामत भरून मिळतात, परत केली की पैसे परत. भारतात लोक हात काळे करायला का घाबरतात कळत नाही.

पेठेतला_पाना
आले! तुमच्याकडे गराज आहे, राव. आमच्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी आहे. पार्किंगमध्ये जॅक लावला की नोटीस लागते, 'ऑइलचे डाग आढळल्यास दंड'. आणि तुमच्याकडे मजुरी महाग म्हणून स्वतः करणं परवडतं. इथे पॅड बदलायचे पाचशे-सातशे घेतात, त्यासाठी मी रविवार का घालवू?

मूळ मुद्दा मात्र पटतो. ऑगस्ट २०१४ मध्ये मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाने १४ गाडीकंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोकला होता. कारण काय, तर सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोचू देत नाहीत. पुढे अपिलं झाली, व्हायचं ते झालं. पण 'बाहेर केलंत तर वॉरंटी जाईल' ही धमकी अजून चालूच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, माझं बिल होतं तिथेच. कसं काय, ते जॉबकार्ड सांगतील.

जॉबकार्ड
मी नोकरी सोडली २०२३ ला. जीएसटीचं मला विचारू नका.

वाईकर_काका
तुम्ही सगळे मूळ सोडून फांद्यांवर भांडताय. ब्रेक वापरायचेच कमी, मग खर्च कशाला? मी २८ वर्षं पसरणी घाट न्यूट्रलवर उतरतो. पेट्रोलही वाचतं. एका पॅडवर ८० हजार किमी काढलेत.

घाटमाथा
काका, हे लिहिलेलं कृपा करून काढून टाका. कुणीतरी वाचून करेल.

न्यूट्रलवर इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक जास्त लागतात, कमी नाही! आणि पेट्रोल वाचतं हे कार्बोरेटरच्या जमान्यातलं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडलात की उतारावर इंधन बंद होतं. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला ते पेटतच राहतं. म्हणजे तुम्ही पेट्रोल जाळून ब्रेक झिजवताय.

वाईकर_काका
पुस्तकी ज्ञान. माझ्या गाडीला २८ वर्षांत काही झालेलं नाही.

घाटमाथा
मग पुस्तकाबाहेरचं ऐका. मे महिना, आंबेनळी घाट, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरत होतो. गाडी मेहुण्याची, चालवत तोच, न्यूट्रलवर, तुमच्यासारखाच शहाणा. मागे माझी मुलगी. अर्ध्या घाटात वास आला, मग पुढच्या चाकातून धूर. तो म्हणाला 'पाय आत चाललाय'. ऑइल उकळून त्यात वाफ झाली होती, वाफ नुसती दाबली जाते, ब्रेक लागत नाही. हँडब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूला घासत गाडी थांबवली. तासभर तिथेच बसलो. मुलगी आजही त्याच्या गाडीत बसत नाही. तुम्ही म्हणाल हे पुस्तकी.

मिरकरवाडा
आणि कायकाय जण तर इंजिनच बंद करतात! आमच्याकडे होता एक. इंजिन बंद झालं की पायाला जोर देणाऱ्या बूस्टरची ओढ दोन-तीन दाबांत संपते, मग पेडल दगड. किल्ली जरा जास्त फिरली तर स्टिअरिंगही लॉक.

वाईकर_काका
मी इंजिन कधीच बंद करत नाही. मला त्या माणसाच्या पंगतीत बसवू नका.

पेठेतला_पाना
काका, तुम्ही त्याच पंगतीत आहात, फक्त पान वेगळं. आणि ८० हजार किमी पॅड टिकले म्हणता, ते वाई ते सातारा सपाटीवर टिकले असतील.

वाईकर_काका
तुमच्या जन्माआधीपासून गाडी चालवतोय. बोलताना वय बघत जा.

जॉबकार्ड
जरा थांबा हो दोघं. काकांच्या गाडीचं ऑइल शेवटचं कधी बदललं, एवढं एकच विचारतो.

वाईकर_काका
कमी झालं की वरून घालतो.

जॉबकार्ड
संपलं. आता मी बोलत नाही.

बी_विंग_४०३
मी हा धागा तीन दिवस गप्प वाचतोय. आता राहवत नाही. तिसरा_गिअर, टोपणनाव बदललं तरी तो रविवार मी ओळखला. सकाळी साडेअकराला पार्किंगमध्ये धाड असा आवाज झाला आणि तुमची गाडी खांबाला टेकलेली. त्या बंपरचे पैसे २,१२० मध्ये धरलेत का?

पेठेतला_पाना
अरे वा! हिशेब आता रंगात आला.

तिसरा_गिअर
ठीक आहे. नवे पॅड बसवताना कॅलिपरचा पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) मागे ढकलला की पहिले चार-पाच दाब पेडल मोकळं जातं, इंजिन चालू करायच्या आधी ते दाबून घट्ट करायचं असतं. मला माहीत होतं. तेवढ्यात घरून फोन आला, जेवायला येताय का म्हणून. मी तसाच गाडी मागे घेतली. मागचा बंपर, ४,८०० रुपये. रस्त्यावर काही झालेलं नाही, पार्किंगमध्येच झालं.

बी_विंग_४०३
रस्त्यावर झालं नाही, कारण खांब मध्ये होता.

जॉबकार्ड
२,१२० अधिक ४,८००, म्हणजे ६,९२०. ऑइल अजून जुनंच. आमचा चौदा हजारांचा कागद जरा माणसाळलेला वाटायला लागला.

तिसरा_गिअर
तरीही निम्म्यात झालं! आणि तुमच्या कागदातल्या डिस्क आणि शू अजून गाडीवर आहेत, चांगले आहेत, त्याचं काय? एवढं एकदा कबूल करा.

जॉबकार्ड
करतो. डिस्क बदलायला नको होत्या. आम्हाला महिन्याचं टार्गेट असायचं, ४०-५० हजार किमीच्या पुढची गाडी आली की पॅडसोबत डिस्क लिहायची सवय लागलेली. जाडी मोजून कागदावर लिहा असं गिऱ्हाईक म्हणालं की निम्म्या वेळा ती ओळ आपोआप गळायची. नोकरीत असतो तर हे लिहिलं नसतं. पण गॅरेजवाला मोजतो का? तोही 'बदलून टाका साहेब'च म्हणतो, त्याचं कमिशन पार्ट्सच्या दुकानात असतं.

मिरकरवाडा
माझा नाय म्हणत. पण तो माझा आतेभाऊ आहे, हे सांगायचं राहिलं.

एडिसनकर
वरच्या गडबडीत कुणी विचारलं नाही, म्हणून सांगतो. मागे डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर घरी हात लावू नका. पिस्टन मागे घ्यायला आधी स्कॅनर किंवा सर्व्हिस मोड लागतो, क्लॅम्पने ढकललात तर मोटर जाते. माझी गेली. ९०० डॉलर. शेवटी डीलरकडेच.

पेठेतला_पाना
हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर आम्ही तुम्हाला एवढं बोललो नसतो. हात काळे करणारे म्हणे!

तिसरा_गिअर
ऑइल बदलायला शनिवारी गॅरेजला टाकतोय. ३५० अधिक हवा काढायची मजुरी. ४०३, समाधान?

बी_विंग_४०३
खांबाचा रंगही उडालाय.

वाईकर_काका
परवा नातवंडांना घेऊन महाबळेश्वरला जायचंय. येताना पसरणी दुसऱ्या-तिसऱ्यात उतरून बघतो. एकदाच. पेट्रोल मोजणार आहे, जास्त लागलं तर घाटमाथा, तुमच्याकडून वसूल करणार.